कोलवाळहून फोन येत नाही: आधी काय तपासायचं, मग कुठे लिहायचं

प्रश्न थोडक्यात असा: गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहणाऱ्या एका ताईंचा भाऊ तीन आठवड्यांपासून कोलवाळच्या मध्यवर्ती कारागृहात न्यायालयीन कोठडीत आहे. सुरुवातीला एकदा फोन आला, तोही बोलता बोलता तुटला. त्यानंतर काहीच नाही. ई-मुलाकत या तुरुंगभेटीच्या सरकारी ऑनलाइन सोयीवर व्हिडिओ भेटीसाठी दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नामंजूर. आता ओळखीतला एक माणूस सांगतोय, ‘पैसे द्या, आतल्या मोबाईलवर बोलणं करून देतो.’ काय करावं?

ताई, शेवटच्या गोष्टीचं उत्तर आधी देतो, कारण तिथे घाई झाली तर नुकसान मोठं आहे. त्या माणसाला एक रुपयाही देऊ नका. कारागृह अधिनियम १८९४ च्या कलम ४२ नुसार, बंदी असलेली वस्तू आत पोचवणं हा तर गुन्हा आहेच, पण नियम मोडून बंद्याशी, म्हणजे कैद्याशी, संपर्क साधणं किंवा तसा प्रयत्न करणं हाही गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मदत करणाऱ्यालाही तीच शिक्षा. भावाजवळ मोबाईल सापडला तर तो कलम ४५ खाली कारागृहातला अपराध ठरतो. मग असलेल्या सवलतीही जातात आणि जामिनाच्या सुनावणीत सरकारी वकील तेच पुढे करतो. शिवाय असं सांगणारे कित्येकदा निव्वळ फसवे असतात. पैसे आधीच गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. जितकं लवकर कळवाल तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आता रीतसर फोनाविषयी. तुरुंगातला फोन आतून बाहेर लागतो, बाहेरून आत लागत नाही. त्यामुळे फोन आला नाही की घरच्यांना पहिली शंका येते ती ‘त्यांनी बंद केला’ अशी. प्रत्यक्षात तो फोन तुमच्यापर्यंत पोचायला बऱ्याच गोष्टी जुळाव्या लागतात. भावाला फोनची मुभा असायला हवी, तुमचा नंबर मंजूर असायला हवा, त्याची पाळी यायला हवी, त्याच्या खात्यात पैसे हवेत, लाइन चालू हवी, आणि तुमच्या हातातलं यंत्र तो कॉल आत येऊ देणारं हवं. शेवटची गोष्ट तपासायला पंधरा मिनिटं पुरतात आणि कुणाची परवानगी लागत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच करा.

सर्वात आधी रिचार्ज बघा. प्रीपेडची मुदत संपली की जाणारे कॉल लगेच थांबतात आणि थोड्या दिवसांनी येणारेही थांबतात. घरात वायफाय असेल तर व्हॉट्सॲप चालूच राहतं, त्यामुळे नंबर मेला आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या कंपनीच्या फोनवरून स्वतःच्या नंबरला साधा कॉल लावून पाहा. व्हॉट्सॲप कॉलवरून काही कळणार नाही.

मग अनोळखी नंबर अडवणाऱ्या सेटिंग्ज. आयफोनमध्ये ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ चालू असेल तर सेव्ह न केलेल्या नंबराची घंटी वाजतच नाही. अँड्रॉइडमध्ये फोन ॲपच्या सेटिंगमध्ये ‘ब्लॉक्ड नंबर्स’ आणि ‘स्पॅम’ हे दोन भाग उघडून पाहा. ट्रूकॉलर असेल तर त्यातली आपोआप ब्लॉक करण्याची सोय बंद करा. इथे एक मेख आहे: तुरुंगातल्या एकाच लाइनवरून अनेक कैदी फोन करतात. चुकून भलत्याला लागलेल्या कॉलांपैकी दोन-चार जणांनी तो नंबर स्पॅम ठरवला की तुमच्या ॲपलाही तो स्पॅमच वाटतो. पहिल्यांदा फोन आला होता त्या दिवसाची यादी उघडा, तो नंबर शोधा आणि भावाच्या नावाने सेव्ह करा. गोव्याच्या लँडलाइनचा कोड ०८३२ आहे, पण कॉल त्याच कोडवरून येईल असं धरून बसू नका.

कॉल फॉरवर्डिंगही बघा. फोन ॲपच्या सेटिंगमध्ये ते सापडतं, आणि चारही प्रकार बंद दिसायला हवेत: नेहमीसाठीचं, फोन व्यस्त असतानाचं, न उचलल्यावरचं आणि पोच नसतानाचं. दोन सिमचा फोन असेल तर ज्या सिमचा नंबर तुरुंगात दिलाय त्या सिमचीच सेटिंग तपासा. ‘डू नॉट डिस्टर्ब’ आणि रात्रीचा झोपेचा मोड यांकडेही नजर टाका.

सत्तरी, सांगे, काणकोणच्या डोंगराळ वाड्यांमध्ये सिग्नल हीच मोठी अडचण असते, आणि पावसाळ्यात वीज गेली की जवळचा टॉवरही थोड्या वेळाने मान टाकतो. घरी ब्रॉडबँड असेल तर फोनमधलं ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा. मग टॉवरचा सिग्नल नसला तरी साधा कॉल इंटरनेटवरून येतो, मात्र राउटर इन्व्हर्टरवर हवा. ब्रॉडबँड नसेल तर भावाच्या पाळीच्या वेळी फोन अशा माणसाच्या हाती असू द्या जो वाळपई, साखळी किंवा फोंड्यासारख्या ठिकाणी थांबलेला असेल. चोर्ल्याच्या घाटातून बसने जाताना तो कॉल टिकणार नाही.

फोन मध्येच तुटतो तेव्हा

कॉल कसा तुटला ते आठवा. नेमक्या ठरावीक मिनिटांनी, वाक्य अर्धवट असताना खाडकन बंद झाला, तर बहुधा मुदत संपली. तुरुंगाच्या व्यवस्थेत घड्याळ लावलेलं असतं, तिथे कुणाला दया दाखवता येत नाही. आधी आवाज फाटायला लागला, तुटक झाला आणि मग गेला, तर सिग्नलचा दोष, आणि तो बहुतेकदा आपल्याच बाजूचा. कॉल जोडला गेला पण एकमेकांचं काहीच ऐकू आलं नाही, तर ब्लूटूथ बंद करा. कपाटात पडलेले इअरबड किंवा अंगणातल्या गाडीची यंत्रणा कॉल स्वतःकडे ओढून घेते आणि भाऊ पलीकडे ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो. स्पीकर लावून चौघांनी भोवती बसलं की आवाज घुमतो. त्यापेक्षा एकाने बोलावं आणि फोन हातोहात द्यावा.

एक गोष्ट कधीच करू नका: त्या कॉलमध्ये तिसऱ्याला जोडणं, किंवा दुसऱ्या फोनच्या स्पीकरला फोन लावून परदेशातल्या नातेवाइकाशी बोलणं करून देणं. जहाजावर किंवा आखातात असलेल्या भावंडांसाठी घरोघरी ही युक्ती सुचते. पण मंजुरी एका नंबरासाठी असते, त्यामागच्या दुसऱ्या माणसासाठी नाही. हे लक्षात आलं तर तुमचा नंबरच बाद होण्याचा धोका आहे.

आणि बोलणं ऐकलं जातंय, नोंदवलं जातंय असं धरूनच बोला. साक्षीदार कोण, तक्रारदाराला कोण भेटलं, कोणती वस्तू कुठे आहे, यातलं काही फोनवर नको. साक्षीदारावर दबाव आणल्याचा नुसता संशयही जामीन अडवायला पुरतो. खटल्याचं बोलणं वकिलाने प्रत्यक्ष भेटीत करावं. तिथे अधिकारी पाहू शकेल एवढ्या अंतरावर उभा असतो, पण त्यांचं बोलणं त्याला ऐकू येऊ नये असा दंडक आहे.

नंबर मंजूर झालाच नसेल तर

तुमची बाजू ठीक निघाली तर पुढचा संशय इथे. पहिला फोन एकदा येऊन नंतर बंद पडण्यामागे पुष्कळदा हेच असतं: आत गेल्यावर घरी कळवण्यासाठी एक कॉल दिला जातो, नेहमीच्या कॉलांसाठी मात्र वेगळी नोंदणी आणि पडताळणी करावी लागते.

यात सर्वात साधी आणि सर्वात जास्त घडणारी चूक म्हणजे नंबरच चुकीचा असणं. अटकेच्या वेळी मोबाईल जप्त होतो, आणि आजकाल सख्ख्या भावाचा नंबरही कुणाला तोंडपाठ नसतो. आत तो आठवून आठवून सांगतो आणि एखादा आकडा इकडचा तिकडे होतो. यावर उपाय म्हणजे त्याला लेखी कळवणं. वकील भेटीला जाईल तेव्हा त्याच्याबरोबर चिठ्ठी द्या, किंवा सरळ टपालाने पत्र पाठवा. पत्त्यावर भावाचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक, पोलीस ठाणं आणि ‘मध्यवर्ती कारागृह, कोलवाळ, बार्देश, गोवा’ एवढं असू द्या. पत्र उघडून वाचलं जातं, म्हणून त्यात घरची खुशाली आणि नंबर एवढंच लिहा. दोन नंबर द्या: एक तुमचा आणि एक अशा माणसाचा जो दिवसभर फोनजवळ असतो.

दुसरी अडचण सिमच्या नावाची. नंबर तुम्ही वापरता, पण सिम काकांच्या नावावर, किंवा गावात एका दुकानदाराने कुणाच्या तरी कागदांवर दिलेलं. पडताळणीत असा नंबर अडकतो. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर कोणकोणते नंबर आहेत ते पाहता येतं. तुमचा नंबर त्यात नसेल तर कंपनीच्या दुकानात जाऊन सिम स्वतःच्या नावावर करून घ्या, आणि मगच अर्ज करा. लक्षात असू द्या, सिम बदलल्यावर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत. म्हणजे त्या दिवशी ओटीपी येणार नाही, म्हणून ई-मुलाकतीचा अर्ज दुसऱ्या दिवसावर टाका.

तिसरी गोष्ट नात्याच्या पुराव्याची. लग्नानंतर आडनाव बदललेल्या बहिणींना याचा फार त्रास होतो. आधार कार्डावर सासरचं आडनाव, भावाचं माहेरचं, मग नातं सिद्ध कसं करायचं? तुमचा जन्मदाखला, भावाचा जन्मदाखला (दोन्हींवर आईवडिलांची नावं तीच असतात) आणि विवाहाचा दाखला, या तिघांच्या प्रती जोडल्या की साखळी पूर्ण होते. माहेरच्या जुन्या रेशनकार्डावर दोघांची नावं असतील तर तीही प्रत लावा.

खात्यात पैसे नसणं हेही कारण असू शकतं. फोन फुकट नसतो, बंद्याच्या खात्यातून पैसे वळते होतात. पैसे कसे जमा करायचे ते कारागृहाच्या कार्यालयातून विचारून घ्या आणि प्रत्येक वेळी पावती मागा. जेलरच्या नावाने फोन करून कुणी खासगी यूपीआयवर पैसे मागत असेल तर ती फसवणूक आहे, मग तो भावाचं नाव, गाव, केस नंबर सगळं बरोबर सांगत का असेना. ही माहिती बाहेर मिळवणं अवघड नाही.

ई-मुलाकतीचा अर्ज का फेटाळला जातो

नामंजुरीमागे बहुतेक वेळा नावाची गफलत असते. तुम्ही रोमन लिपीत जे नाव टाइप करता ते कारागृहाच्या नोंदीशी जुळावं लागतं, आणि ती नोंद कोर्टाच्या कोठडी वॉरंटावरून झालेली असते. गावकर, नाईक, परब ही आडनावं रोमनमध्ये तीन-तीन प्रकारे लिहिली जातात. वॉरंटावर नेमकं काय लिहिलंय ते वकिलाकडून मागवून घ्या आणि अक्षर न अक्षर तसंच भरा. वडिलांचं नावही तसंच.

अर्ज राष्ट्रीय कारागृह माहिती पोर्टलवर ‘ई-मुलाकत’ या भागात भरायचा. स्वतःचं नाव, वय, पत्ता, ओळखपत्र, ईमेल, मोबाईल, बंद्याशी नातं, मग राज्य गोवा, कारागृह, हवी ती तारीख आणि बंद्याची माहिती. भेटीचा प्रकार निवडताना लक्ष द्या, कारण प्रत्यक्ष भेट आणि व्हिडिओ भेट हे वेगळे पर्याय आहेत. चुकून प्रत्यक्ष भेट निवडली गेली की लोक घरी लिंकची वाट बघत बसतात. ओटीपी टाकून अर्ज गेला की नोंदणी क्रमांक मिळतो. तो वहीत लिहून ठेवा, स्थिती त्यावरूनच तपासता येते. मंजुरी, लिंक आणि पिन ईमेलवर येतात, म्हणून स्पॅमचा कप्पा रोज बघा. सायबर कॅफेवाल्याच्या ईमेलवर अर्ज भरला असेल तर लिंक त्याच्याकडे जाते, तुमच्याकडे नाही.

तारखेचाही घोळ होतो. भावाची कोर्टाची तारीख त्याच दिवशी असेल, किंवा त्याला बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) नेलं असेल, तर भेट होत नाही. ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये खटल्याचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टाकला की पुढची तारीख दिसते. ती टाळूनच दिवस मागा. ठरावीक काळातल्या भेटींची संख्या मर्यादित असते. त्या आठवड्यात आईने जाऊन भेट घेतली असेल तर तुमचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो, म्हणून घरात एकाने या सगळ्याची नोंद ठेवावी.

भेटीच्या दिवशी क्रोममध्ये लिंक उघडून कॅमेरा आणि मायक्रोफोनला परवानगी द्या, ओळखपत्र हाताशी ठेवा आणि दहा मिनिटं आधी बसा. तोंडावर उजेड पडेल असं बसा, खिडकीकडे पाठ नको.

एवढं करूनही काही झालं नाही तर: लेखी

तोंडी विचारणा कितीही केली तरी तिची नोंद कुठेच राहत नाही. कारागृह अधीक्षकांच्या नावाने एक पानी अर्ज द्या. मराठीत द्यायला अडचण नाही. १९८७ च्या राजभाषा कायद्याने गोव्यात कोकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीचाही वापर मान्य आहे. अर्जात बंद्याचं पूर्ण नाव, वडिलांचं नाव, गुन्हा क्रमांक व पोलीस ठाणं, कोर्टाचं नाव, तुमचं नातं, मंजुरीसाठी दिलेले नंबर, शेवटचा फोन आल्याची तारीख आणि ई-मुलाकतीचे दोन्ही नोंदणी क्रमांक लिहा. शेवटी तीनच प्रश्न विचारा: नंबरांची पडताळणी झाली आहे का, नसल्यास कोणता कागद कमी आहे, आणि फोनची सवलत थांबवली असेल तर कोणत्या आदेशाने आणि किती काळासाठी. दोन प्रती न्या आणि एकीवर आवक शिक्का व तारीख घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

अर्जातली भाषा ठरवताना एक फरक माहीत असलेला बरा. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमपुस्तिकेनुसार, जिथे सोय आहे तिथे राज्याच्या धोरणाप्रमाणे अधीक्षक बंद्याला पैसे भरून कुटुंबाशी आणि वकिलाशी फोनवर बोलू देऊ शकतात. म्हणजे फोन ही सवलत आहे, आणि वर्तनाच्या कारणावरून ती काही काळ काढूनही घेतली जाते. कुटुंबाच्या आणि वकिलाच्या भेटीचं तसं नाही. तिला सर्वोच्च न्यायालयाने सुनील बत्रा आणि १९८१ च्या फ्रान्सिस कोराली मुलिन या प्रकरणांत घटनेच्या कलम २१ शी, म्हणजे जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काशी, जोडलं आहे. म्हणून फोनसाठी विनंती करा, पण भेट नाकारली जात असेल तर कारण मागा, आणि ठामपणे मागा.

आठ-दहा दिवसांत उत्तर आलं नाही तर सर्वात परिणामकारक मार्ग वकिलाचा आहे. भाऊ कच्चा कैदी आहे, त्याला कोठडीत पाठवणारं न्यायालयच त्याच्याविषयीचा अर्ज ऐकतं. पुढच्या तारखेला वकिलाने लहानसा अर्ज दिला तर न्यायाधीश कारागृहाकडून अहवाल मागवू शकतात. खासगी वकील परवडत नसेल तर १५१०० या मोफत कायदेशीर मदतीच्या हेल्पलाइनवर फोन करा. कोठडीतल्या व्यक्तीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो, उत्तराला तीस दिवस, आणि जीवित किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तास. फोन येत नाही एवढ्यावरून अठ्ठेचाळीस तासांची तरतूद लागू होणार नाही, पण भाऊ आजारी असल्याची खबर असेल तर तसं स्पष्ट लिहा. मारहाणीची शंका असेल तर न्यायालयाबरोबरच पणजीच्या गोवा राज्य मानवी हक्क आयोगाकडेही तक्रार करा, आणि त्यासाठी आठ दिवस थांबू नका.

घरात कुणी गेलं, किंवा आईवडील अत्यवस्थ असतील, तर पाळीची वाट बघायची नाही. त्याच दिवशी रुग्णालयाचं प्रमाणपत्र किंवा मृत्यूची नोंद घेऊन अधीक्षकांना भेटा आणि तातडीच्या फोनची विनंती करा. अंत्यविधीला यायचं असेल तर कच्च्या कैद्यासाठी वकिलाने न्यायालयात अंतरिम जामीन किंवा पोलीस बंदोबस्तात जाण्याची परवानगी मागायची. शिक्षा झालेल्यासाठी पॅरोलचा अर्ज कारागृहामार्फत जातो. दोन्ही मार्ग वेगळे आहेत, आणि चुकीच्या दारात उभं राहिलं की दिवस वाया जातो.

अजून दोन शक्यता. तपास अधिकाऱ्याने न्यायालयातून पुन्हा पोलीस कोठडी घेतली असेल तर भाऊ कोलवाळमध्ये नसून पोलीस ठाण्याच्या कोठडीत असेल, आणि तिथे ही फोनची सोय नसते. वकिलाला विचारलं की हे लगेच कळतं. आणि हाच प्रश्न सावंतवाडी, कळंबा किंवा हिंडलग्याच्या तुरुंगातल्या माणसाविषयी असेल तर वरचे फोनचे आणि ई-मुलाकतीचे उपाय लागू पडतात, पण पाळ्या, मिनिटं आणि कागद वेगळे असतील. तुरुंग हा राज्याचा विषय आहे, त्यामुळे गोव्याचा नियम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात दाखवून उपयोग नाही.

तुमच्या बाबतीत मी या क्रमाने जाईन: आज फोनच्या सेटिंग्ज आणि रिचार्ज, उद्या वकिलाकडून वॉरंटाची प्रत आणि भावासाठी दोन नंबरांची चिठ्ठी, त्यानंतर वॉरंटावरच्या नावाप्रमाणे ई-मुलाकतीचा तिसरा अर्ज. त्याच आठवड्यात थिवी किंवा म्हापशावरून कोलवाळला जाऊन अर्जावर शिक्का घेऊन या.